दोघी मिळून एक

निकालाच्या दिवशी बाबा आम्हा दोघी बहिणींच्या गुणपत्रिका जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडत. ताईला विज्ञानात पैकीच्या पैकी, भाषेत काठावर पास. माझं नेमकं उलटं. "एकीला डोकं मिळालं, एकीला तोंड," ते म्हणत. "दोघी मिळून एक धड माणूस झालं असतं." ताई हसायची. मला ते अजून झोंबतं.

पुढे दोघीही पाणीपुरवठा खात्यातच लागलो. ताई मागच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची. मी पुढच्या दालनात बसून तक्रारवाल्यांना गोड बोलून वाटेला लावायचे. खुर्ची माझी मोठी, बढतीही मला आधी. ताई चार माणसांत उभी राहिली की पहिल्याच शब्दाला अडखळायची. जुन्या वस्तीच्या नळांतून शिसं येतंय, हे तिनं बैठकीत सांगायला घेतलं, तर "प... प..." वरच गाडी अडली आणि साहेब पुढच्या विषयाकडे वळले. त्याच हिवाळ्यात ताई न्यूमोनियानं गेली.

तेव्हापासून माझ्या टेबलावरचा पाण्याचा पेला रोज खिडकीत सापडतो. पाणी उजेडात धरून पाहिल्याशिवाय प्यायचं नाही, ही ताईची खोड. शिपाई म्हणतो, मी हात लावत नाही बाई. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू. तरी पेला मी तिथंच राहू देते.

काल त्या वस्तीतली माणसं सभागृहात जमली. लेकरं सारखी आजारी पडतात, पाणी प्यायचं की नाही तेवढं सांगा, म्हणाली. साहेब माझ्या कानाशी लागले. "पाणी चांगलं आहे म्हणा. तुमच्या बोलण्यावर लोकांचा विश्वास आहे."

मी उठले. वाक्य ओठांवर तयार होतं: पाणी पूर्णपणे सुरक्षित आहे. माझी जीभ जन्मात कधी अडखळली नव्हती.

"प... प..."

प्रयोगशाळेतल्या स्पिरिटचा वास अगदी माझ्या मानेजवळ आला. साहेबांनी घाईघाईनं पाण्याचा पेला पुढं केला. मी तो घेतला आणि माझा हात आपसूक वर गेला, खिडकीच्या उजेडात. पाणी नितळ होतं. शिसं डोळ्यांना दिसत नाही, हे ताईनंच मला एकदा सांगितलं होतं.

"प... पिऊ नका," मी म्हणाले. "या पाण्यात शिसं आहे."

साहेबांनी माझी बाही ओढली. पण पुढचं सगळं मी न अडखळता सांगितलं: कुठल्या गल्लीत किती, लहान मुलांना त्यानं काय होतं, सगळं आकड्यांसकट.

ते आकडे मला कुणी कधी सांगितलेच नव्हते.