सहावी पाकळी

दीपिकाने लॅपटॉप फिरवून विनीतसरांसमोर सरकवला.

"सर, यातली दोनशे बारा डिझाइन्स माझ्या नावावर आहेत. एकही माझं नाही. सगळी मालनमावशीची आहेत."

विनीतने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला ठाऊक नाही का? पण हेड ऑफिसला मालनताईंच्या नावापुढे शून्य दिसतंय."

"मग नाव बदला ना, सर."

"एकदा सबमिट झालं की बदलत नाही गं. तीन मेल टाकले मी. उत्तर आलं, तक्रार निकाली काढली. आता अजून ताणलं, तर खोट्या नोंदी केल्या म्हणून तू पण जाशील. त्यांची नोकरी तरीही वाचणार नाही."

कॉटन ग्रीनच्या एका जुन्या गोदामात चादरी-पडद्यांची नक्षी काढणारा हा स्टुडिओ होता. तीन वर्षांपूर्वी तिथे सॉफ्टवेअर आलं. कल्पना कुणाची, काम कुठे अडलं, सगळं म्हणे त्यात लख्ख दिसणार होतं. मालनमावशी मात्र कागदावरच काढायची. पासवर्ड तिच्या डोक्यात राहायचा नाही आणि ओटीपी येऊन जाईपर्यंत पिशवीतला फोन हाताला लागायचा नाही. शेवटी दीपिकाच म्हणाली होती, "आण गं मावशी, माझ्या लॉगिनमधून टाकते." ज्या बाईने नायगावच्या चाळीतून हाताला धरून तिला इथे चिकटवलं, तिच्यासाठी एवढंही करायचं नाही? आणि तेवढंच नेमकं त्या बाईच्या मुळावर आलं.

दीपिका केबिनबाहेर आली तेव्हा मालनमावशी टेबल आवरत होती. पेन्सिली जुन्या ओढणीत गुंडाळून झाल्या होत्या. आज तिचा शेवटचा दिवस.

"भांडलीस ना साहेबाशी? कशाला गं. त्याच्या हातात काय आहे?"

"मावशी, माझ्यामुळे झालं."

"गप. हे घे, शेवटचं आहे. चढव."

ट्रेसिंग पेपरवर जास्वंदीची वेल होती. काठापासून काठापर्यंत नुसती फुलं. दीपिकाला रडू आलं. एवढी सुंदर वेल मावशीने गेल्या तीन वर्षांत काढली नव्हती.

"एक सांगू?" मावशीने चौथ्या फुलावर बोट ठेवलं. "याच्या पाकळ्या मोज."

सहा होत्या. बाकी सगळ्या फुलांना पाच.

"माझा बाप गिरणीत छपाई खात्यात होता. नक्षीवर नाव घालायची सोय नव्हती, म्हणून एका फुलाला एक पाकळी जास्त काढायचा. लालबागच्या बाजारात तशी चादर दिसली की आईला दाखवायचा, बघ, माझी. मी पण प्रत्येक डिझाइनमध्ये एक काढते. पण गेल्या तीन वर्षांत छापून आलेल्या चादरीवर कधी दिसली नाही बघ. मशीनच खात असेल मेली."

मशीनने नव्हे, दीपिकानेच खाल्ली होती. वय झालं, हात चुकतो बिचारीचा, असं म्हणत दर वेळी ती जादा पाकळी खोडून टाकायची. मावशीची चूक साहेबांच्या नजरेला पडू नये म्हणून अगदी जपून. कधी फुलातली, कधी कोयरीतली, कधी काठावरची. दोनशे बारा वेळा.

"एवढी एक राहू दे," मावशी म्हणाली. "नाव तुझंच टाक. माझं काय, आता यादीत पण नसेल."

सॉफ्टवेअरमधल्या नावांच्या यादीत ते खरंच नव्हतं. दीपिकाने कागद स्कॅन केला. लॅपटॉपच्या पडद्यावर वेल उमटली आणि चौथ्या फुलाभोवती लाल वर्तुळ आलं. नमुन्यात तफावत आढळली. दुरुस्त करायची का? तिने 'नाही' दाबलं. पुन्हा तेच वर्तुळ. पुन्हा 'नाही'. दुरुस्ती केल्याशिवाय डिझाइन स्वीकारलं जाणार नाही. तिने विनीतसरांच्या केबिनकडे पाहिलं. ते फोनवर "हो सर, हो सर" करत होते. खालचं 'सबमिट' करड्या रंगात निपचित पडलं होतं.

मालनमावशी पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत पोचली होती. तिथूनच तिने विचारलं,

"गेलं का गं?"

दीपिकाने डोळे मिटले आणि 'हो' दाबलं. सहावी पाकळी गेली. हिरवी खूण आली आणि तिच्याच नावाने अभिनंदन झळकलं.

"गेलं, मावशी."

"आणि पाकळी? राहिली ना?"

दीपिकाने पडदा दाराकडून हळूच आपल्या बाजूला वळवला.

"राहिली."

"चल मग. जय भीम," मावशी म्हणाली, आणि हसतच जिना उतरू लागली.