पोत्यात मीठ

ताईच्या तोंडाला कुलूप नव्हतं आणि तिच्या धाकट्या बहिणीच्या डोक्याला झाकण नव्हतं. धाकटीला घरात लहानपणापासून सगळे ठिणगीच म्हणत. ताईची रस्त्याकडेला, हिरव्या जाळीखाली रोपवाटिका होती. तिला लागूनच ठिणगीचं निऑनच्या पाट्यांचं वर्कशॉप. काचेची नळी ज्योतीवर मऊ करायची, अक्षरांसारखी वाकवायची, आतली हवा पंपानं ओढून काढायची, वायू भरायचा आणि ट्रान्सफॉर्मर जोडून पेटवायची, हा तिचा धंदा. एलईडी आल्यापासून तिच्या पाट्यांना कुत्रं विचारत नव्हतं, पण ती रोज शटर उघडून बसायची.

भांडण झालं ते समोरच्या खतवाल्याशी. रोपांच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, तशी ताईनं त्याच्या पोत्यातलं चिमूटभर खत जिभेवर ठेवलं, थुंकली आणि तडक रस्ता ओलांडून दुकानात शिरली. गिऱ्हाईकं उभी होती. त्यांच्या देखत ती म्हणाली, "तुमच्या पोत्यात मीठ आहे."

खतवाल्यानं आवाजसुद्धा चढवला नाही. आसपास दुसरं खताचं दुकान नव्हतं, मग चढवायचा कशाला? "बाई, हे याच जागी, अशाच चार लोकांसमोर मागे घ्या," तो म्हणाला. "तोवर तुम्हाला खत नाही. हवा खाऊन जगतील तुमची रोपं."

रोपं काही जगेनात. खालची पानं पिवळी पडली, मग वरची. पाचोळा कुजवून खत करायला वेळ लागतो आणि ट्रेमधल्या कोवळ्या रोपांना तेवढा दम नसतो. ताईचं जेवणावरचं मन उडालं. रोपवाटिका गेली तर ती नुसती तोंडाळ बाई म्हणून उरणार होती, हे तिलाही कळत होतं.

"माफी मागितलीस तर याद राख," ठिणगी म्हणाली.

"तुला काय जातंय बोलायला? रोपं माझी मरतायत."

ठिणगीला त्या रात्री झोप लागली नाही. शाळेत शिकलेलं एक तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं: आभाळात वीज कडाडली की हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात, पाण्यात मिसळून त्यांचं आम्ल होतं आणि जमिनीत उतरलं की तेच खत. हवा तर फुकट होती. कडाडणारी वीजही तिच्याकडे होती, एकुलत्या एका धड ट्रान्सफॉर्मरमध्ये.

सकाळी तिनं काचेच्या मोठ्या गोळ्यात तांब्याच्या दोन सळ्या समोरासमोर बसवल्या. माशांच्या टाकीचा पंप एका बाजूनं हवा ढकलणार, दुसऱ्या बाजूची रबरी नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली. गोळ्याला सवयीनं, पाट्यांच्या नळ्यांना ठेवते तशी, एक तोटीही ठेवली. खिडकीत पंखा बाहेर तोंड करून लावला आणि बटण दाबलं. सळ्यांमध्ये निळसर ज्योत ताणली गेली, चरचर सुरू झाली. ठिणगी हरखली.

पण बाटलीतलं पाणी पाणीच राहिलं. आम्ल लागलं की लाल होणारा लिटमसचा निळा कागद बुडवावा तर निळाच बाहेर. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ती ट्रान्सफॉर्मरला शिव्या घालायची, सळ्या घासायची आणि पुन्हा बटण दाबायची.

मग एका सकाळी ताई इस्त्रीची साडी नेसून दारात आली. "जातेय समोर," ती म्हणाली. "माफी मागून मोकळी होते. तू रागावू नकोस." आणि ती थबकली. गोळ्यात तांबूस-तपकिरी धूर साचत होता. ठिणगीनं तो पाहिला न पाहिला तोच बाजूची तोटी उघडून खिडकीच्या पंख्याकडे सोडून दिला.

"काय फेकलंस गं ते?"

"घाण. नळीत हवा राहिली की रंग बिघडतो. रंग बिघडला की रिकामं करायचं, नाहीतर पाटी वाया."

"पण पाटी कुठे करतेयस तू? आणि यात हवा राहिलीय कशी? तूच भरलीस ना?"

ठिणगीचा हात तोटीवरच राहिला. सगळं आयुष्य तिनं काचेतली हवा हुसकावण्यात घालवलं होतं. बोटांना तेवढंच ठाऊक. तीन दिवस विजेनं जे बनवलं, ते हीच बोटं खिडकीबाहेर फेकत होती! तिनं कपाळावर हात मारला, तोटी करकचून बंद केली आणि तपकिरी वायू बाटलीकडे जाऊ दिला. पाण्यात बुडबुडे फुटू लागले. दोघी पंख्यापासून लांब, दारापाशी उभ्या राहिल्या, कारण तो वायू छातीला वाईट. बऱ्याच वेळानं ताईनं कागद बुडवला. तो लाल झाला.

ताईनं पदर खोचला आणि चुना आणायला गेली. आम्लात चुना जिरवला, भरपूर पाण्यात ते पातळ केलं आणि पहिली झारी तिनं सगळ्यात पिवळ्या ट्रेवर धरली. शेतं पोसण्याइतकं खत त्या गोळ्यातून कधीच निघालं नसतं. पण इवल्या रोपांची भूक केवढी? आठवडा उलटला आणि नवी पानं हिरवी निघाली. ताई ट्रेजवळ बसून रडली, मग नाक पुसून म्हणाली, "आता नाही जात मी."

"जाऊ नकोसच," ठिणगी म्हणाली. "मला एक पाटी करायचीय."

नळीवाले अक्षर मागच्या बाजूनं, उलटं वाकवतात. त्यामुळे ती काय करतेय ते ताईला कळेना. संध्याकाळी रोपवाटिकेच्या जाळीवर, बरोबर दुकानासमोर, लालभडक अक्षरं पेटली: पोत्यात मीठ आहे.

रस्त्यावरचे लोक थांबून वाचू लागले. खतवाल्याचं एक गिऱ्हाईक पोतं खाली ठेवून त्यात बोट घालून चाटू लागलं. तेव्हा मात्र खतवाल्याचा आवाज चढला. तो तरातरा रस्ता ओलांडून आला.

"विझवा ती पाटी!"

"सकाळी विझते ना," ठिणगी म्हणाली. "ट्रान्सफॉर्मर एकच आहे. दिवसा त्यावर आमचं खत बनतं."

त्यानं जाळीतून आत पाहिलं. लाल उजेडातसुद्धा रोपं तरारलेली कळत होती. ताईनं झारी उचलली आणि त्याच्या देखत पाणी घालू लागली.