वरचा जव, खालचा भात

म्हातारं माणूस एकदा हटून बसलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाही. चंद्रप्रभाचे सासरे जन्माने जपानी, पण हट्टाच्या बाबतीत आमच्या पुण्यातही खपून गेले असते! जपानमधल्या सेंदाई शहरात त्यांच्या घरी सून होऊन आल्यापासून ती त्यांना ओतोसान म्हणे, म्हणजे बाबा.

दुपारी ओतोसान पांढराशुभ्र भात वाडग्यामागून वाडगा चापत. मग डोळ्यांवर झापड, आणि जाग आली की घर डोक्यावर. शोगी म्हणजे तिथलं बुद्धिबळ. त्यात पूर्वी शेजारीपाजारी त्यांच्यापुढे हात टेकत. आता स्वतःचीच चाल विसरत आणि नातीवर, नैनावर, खेकसत. एकदा तर पटच उधळला. तेव्हापासून पोर शाळेतून आली की थेट आपल्या खोलीत. चंद्रप्रभाला तेच लागलं होतं. दोघांचा केवढा जीव एकमेकांवर!

डॉक्टर म्हणाले, "साखर वाढलीय. पांढरा भात कमी करा, त्यात अख्खा जव घाला. जेवल्यावरची गुंगी उतरेल, चिडचिडही कमी होईल बहुतेक."

"जव?" ओतोसान कडाडले. "लढाईच्या दिवसांत पाहिला तेवढा पुरे!"

पुढे त्र्याण्णव साली उन्हाळा थंडच गेला, भाताचं पीक बुडालं आणि दुकानांपुढे रांगा लागल्या. चंद्रप्रभाने संधी साधली. भिजवून उकडलेला जव तांदळावर घातला आणि भात लावला. जव हलका, तो शिजतानाही वरच राहिला. आता भांडं फेकतात की काय, म्हणून ती जीव मुठीत धरून बसली.

ओतोसाननी उलथनं स्वतःच घेतलं. खालचा पांढरा भात उकरून नैनाला वाढला, मग सुनेला. वरचा जव स्वतःच्या वाडग्यात.

"तांदूळ कमी आहे," ते पुटपुटले. "वाढत्या वयाची पोर आहे."

मग रोज तेच. जव चावून चावून खावा लागे, त्यामुळे जेवण आपोआप कमी झालं. दुपारची झापड गेली, खेकसणं थांबलं, साखरही उतरली. नैना आधी दारातून डोकावू लागली, मग एके दिवशी पटासमोर येऊन बसलीच.

पुढच्या वर्षी मात्र पीक उदंड आलं. नव्या तांदळाचं पोतं घरात आलं तशी चंद्रप्रभा धास्तावली. आता कसली टंचाई? आता ते जव सोडणार, आणि पोरही परत खोलीत! तरी तिने मन घट्ट करून रोजच्यासारखाच जव घातला.

नैनाने उलथनं उचललं. "आजोबा, आता तांदूळ पुष्कळ आहे. आज तुम्ही खालचा घ्या."

ओतोसाननी तिचा हात धरला. "नको. मला वरचाच."

मग ते सुनेकडे वळले. "लढाईच्या दिवसांत माझी आई असंच वाढायची. पांढरा भात आम्हा पोरांना, जव तिला. म्हणायची, मला जवच आवडतो. मोठा झालो तेव्हा कळलं, बिचारी आमच्यासाठी खोटं बोलत होती. मग जवाचा घासच घशाखाली उतरेना."

त्यांचे डोळे भरून आले होते, पण ते हसत होते.

"पण चांगला लागतो गं, चंदा! खरंच चांगला लागतो. कुणी सांगावं, म्हातारी खरंही बोलत असेल."