सावरीचे ओले काटे

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. सिंदीच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात हरिभाऊंनी झाडाच्या काटेरी खोडावरचे सुरीचे सात ताजे घाव मोजले आणि पुढे केलेला हात आखडून घेतला. प्रत्येक घावातून पांढरट चीक ओघळत होता.

तोडायच्या झाडांच्या यादीत याची नोंद ‘काटेसावर’ अशी झाली होती. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या हरिभाऊंनी केवळ खात्री करून सही द्यायची होती. पण सावरीला असा चीक नसतो.

“कवडू, हे कोणी केलं?”

चौकीदार कवडू हसला. “तुमच्याच शेजारच्या कमलाबाई जी. सकाळी सहालेच आल्या. दीपमालेले आज पाहुणे पाह्याले येऊन राह्यले ना! काटे दुधात उगाळून मुरुमाले लावाचे म्हणे. ओले पायजेत म्हणून सालीसकट खरवडले. मी म्हटलं, पोरगी पसंत झाली का लाडू आणजा.”

हरिभाऊ हसले नाहीत. छत्रीच्या मुठीने त्यांनी एक फांदी खाली ओढली. माघात सावर पाने झाडून लाल फुलांनी भरते. हे झाड हिरवेगार होते. सावरीचे पान हाताच्या बोटांसारखे फाकलेले असते. हे अखंड, पिंपळासारखे होते, आणि देठ पानाला मिळतो तिथे टाचणीच्या डोक्याएवढ्या दोन गाठी होत्या. पायाशी एक वाळके फळ पडले होते, चपट्या भोपळ्यासारखे, फाकाफाकांचे. त्यांनी फांदी हळूच सोडली.

“काऊन जी? सावर नाई का हे?”

“हुरा आहे. दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनातला. तिथे सगळ्या रानाच्या डोक्यावर याचा शेंडा असतो. कोणा हौशी मालकाने इथे आणून लावला असेल. चीक डोळ्यात गेला तर दृष्टी जाते.”

हरिभाऊंनी फोन लावला; कमलाबाईंच्या घरी तो नुसता वाजत राहिला. कवडूने मोटारसायकल सुरू केली आणि हरिभाऊ मागे बसले.

कमलाबाईंच्या अंगणातल्या सहाणेवर करडा लेप होता. दीपमाला केस पुशीत दारात आली.

“लावलंस का?”

“नाई जी काका. आई म्हणे आंघोळ झाल्यावर लावजो. काऊन?”

हरिभाऊंनी तिला उजेडात उभे केले, दोन्ही गाल पाहिले, पापण्या पाहिल्या. कातडी स्वच्छ होती. त्यांनी सहाण उचलून भिंतीपलीकडच्या खड्ड्यात उपडी केली, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि मग ते पायरीवर बसले.

“वाचली पोरगी,” कवडू म्हणाला.

कमलाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. झाडाचे ऐकून त्यांनी मान उडवली.

“तुमी बी ना भाऊजी, सकाळी सकाळी पोरीले भेव दाखवून राह्यले! मी येवढं उगाळलं, मले काय झालं?”

बोलता बोलता त्यांनी पदराच्या टोकाने डावा डोळा दाबला.

“हे तं पोह्याचा कांदा चिरला ना, तवापासून चुरचुर करून राह्यलं.”

त्यांनी कप पुढे केला. हरिभाऊंच्या हातापासून वीतभर अलीकडेच त्यांनी तो सोडला आणि कप पायरीवर फुटला.

महिन्याभराने कमलाबाईंच्या डाव्या डोळ्याची नजर तपासली, तेव्हा तक्त्यावरचे सर्वांत वरचे, एकटे मोठे अक्षर तेवढे त्यांना वाचता आले: सहा-साठ, म्हणजे चांगल्या डोळ्याला साठ मीटरवरून दिसते ते सहा मीटरवरून.