पत्ता : वाडा

पत्ता : वाडा, फलटण.

सांगलीतल्या प्रशिक्षणात जेवणाला शेंगदाण्याची चटणी होती.

अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या. एकही चुकवायची नाही.

मेंढरू दिवसाला किती चालतं, ते मला अजून नीट माहीत नाही.

शेरा : तीन फेऱ्या केल्या. रुग्ण पत्त्यावर आढळला नाही. – आरोग्यसेविका मयूरी.

आता सरळ सांगते. मी डॉ. शरयू, फलटण तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात असते. रंगूबाई, मेंढपाळ, माझ्या क्षयाच्या रुग्ण. औषध सहा महिने. पहिला महिना संपला आणि त्या आल्याच नाहीत. औषध मधेच सुटलं की रोग निबर होतो, मग त्याच गोळ्यांना दाद देत नाही.

तेवढ्यात सांगलीला जायचा आदेश आला. विषय : भटक्या व अल्पसंख्य समाजांतल्या रुग्णांशी संवाद. येताना एका हरवलेल्या रुग्णाचा कागद आणा. मी रंगूबाईंचा नेला.

शिकवायला बिराप्पा होते. जतकडचे, स्वतः मेंढरांमागं वाढलेले. त्यांनी पत्ता वाचला.

"मॅडम, फलटणातलं किती वाडं हुडकलं?"

"मयूरीनं सगळे पाहिले. दगडी, पडके, भाड्यानं दिलेले."

"मेंढरं घावली का एखाद्यात?"

सभागृह हसलं. मीही हसले, जरा उशिरा.

"वाडा म्हंजे आमचा तळ," ते म्हणाले. "बिऱ्हाडं, घोडी, कोंबड्या, मेंढरं. त्यो उठतो आन् चालतो. तुमी भिंती हुडकत बसला."

"मग शोधू कसा?"

"शेतकऱ्याला इचारा, रानात मेंढरं बसवली व्हती का. लेंडीखतासाठी बसवत्यात. कुनासाठी इचारताय ते मातर सांगू नका. क्षयाचं नाव निगालं, तर रानात कुनी बसवायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि गोळ्या घेऊन निघाले. पहिल्या शेतकऱ्यानं दुसऱ्याचं नाव दिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं. लोणंद, वाठार, कोरेगाव. सातवा म्हणाला, "बसली व्हती की. परवा उंब्रजाकडं गेली."

उंब्रजच्या पुढं रंगूबाई घोड्यावर बोजा बांधत होत्या.

"आवं डागदरीनबाई, तुमी बी वाड्यात ऱ्हायला आला व्हय?"

"गोळ्या?"

त्यांनी पिशवीतून रिकामी पाकिटं काढली. सगळी जपून ठेवलेली.

"एक बी चुकवली न्हाई. संपून नऊ दिस झालं. संपल्यावर काय चुकवायचं?"

'थोडे दिवस एका जागी राहा' हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं. त्यांच्या नवऱ्याला, धुळाला, पुढचे मुक्काम विचारले. पाटण, कोयना, घाट, मग चिपळूण. कागदावरच्या पत्त्यावर काट मारली आणि समासात ही नावं तारखांसकट उतरवली. रंगूबाईंनी माझ्यासमोर गोळी घेतली. मी बांधावर बसून वाटेवरच्या दवाखान्यांना फोन लावले. दोन ठिकाणी कुणी उचलला नाही.

"ऱ्हाऊ द्या आता," धुळा म्हणाला.

"उद्या लावीन. नाही उचलला तर परवा."

"ही काय सोडत न्हाई बग," रंगूबाई त्याला म्हणाल्या. "मेंढराच्या वरताण हाय."

मी तिसऱ्यांदा तोच नंबर लावला.

पहिल्या दिवशी दवाखान्यात मी पत्ता विचारला, तेव्हा रंगूबाईंनी बोटानं खिडकीबाहेर दाखवलं होतं. समोरच्या रानात मेंढरं चरत होती.