डावा मडगार्ड

“हासुद्धा बदललेला,” असं म्हणत पुण्याच्या साहेबांनी डॅशबोर्डवर लाल कागदाचा ठिपका चिकटवला आणि अंगठ्याने नीट दाबला.

हिरामण मिस्त्री फडकं हातात धरून बाजूला उभा होता. “शिसवाचा हाय साहेब,” तो म्हणाला. “मालकांच्या आजीच्या पलंगाची फळी. चाळीस वर्सं झाली, एक चीर गेली नाय.”

“लाकूड उत्तम आहे, काका. पण ह्या गाडीचं नाही.”

“मंग कुठल्या गाडीचं?”

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. सकाळी आल्या आल्या, गाडीला हात लावायच्या आधी, त्यांनी बोटातली अंगठी काढून खिशात टाकली होती. रंगावर ओरखडा उठू नये म्हणून कोण एवढं करतं? तेवढ्यावरच हिरामणने त्यांना आपल्यातलं धरलं होतं. पण त्यांच्या हातातली ती ठिपक्यांची पट्टी त्याला बघवत नव्हती.

गाडी एमजी. दोन माणसांची, हिरवी, लांब नाकाची, पाठीवर पेट्रोलची टाकी घेतलेली. ती उभी होती रोह्याला, मालक हैबतरावांच्या पोह्याच्या गिरणीत. गिरणी बंद पडून आठ वर्षं झाली होती आणि आता शेडही विकली गेली होती. शेजारच्या वरसे गावात जशा इमारती उठल्या तशी इथेही उठणार होती. हैबतराव गेल्या दिवाळीत न्हाणीत पडले, मांडीचं हाड मोडलं, आणि त्यांची एकुलती लेक विमल त्यांना ठाण्याला आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी न्यायला आली होती. तिसऱ्या मजल्यावर म्हातारा नेता येतो, मोटार नेता येत नाही. दक्षिणेतल्या कोणा शौकिनाने ती घ्यायचं कबूल केलं होतं. त्याच्याकडे अशा गाड्यांसाठी बांधलेला मोठा हॉल होता. गाडीत मूळचं काय आणि मागाहून घातलेलं काय, ते तपासायला त्याने हे पुण्याचे साहेब पाठवले होते. ठिपका लागला ते सगळं निघणार, आणि त्या जागी विलायतेहून अस्सल सामान येणार.

गाडी जाणार हे हिरामणने महिन्यापूर्वीच गिळलं होतं. मोठा घास होता, पण गिळला. ती अशी सोलून जाणार हे मात्र त्याला आज सकाळी कळलं. तेव्हापासून त्याचं एकच मागणं उरलं होतं आणि ते त्याने कोणाजवळ बोलूनही दाखवलं नव्हतं. आपल्या हातचं काहीतरी एक तिच्या अंगावर राहावं. फार नको. एक.

हिरामण पेणजवळच्या गडबचा. बाप मिठागरावर मीठ ओढायचा आणि पोरानेही तेच ओढलं असतं. पण अठराव्या वर्षी तो पेणच्या एका गॅरेजात पाने पुसत असताना ही गाडी वाफा ओकत दारात येऊन थांबली. आतून उतरलेल्या तरण्याताठ्या हैबतरावांनी विचारलं, “कोणाला कळतं का रे ह्यातलं काही?” कळत कोणालाच नव्हतं. हिरामण पुढे झाला, एवढंच.

वर्षभरात तो हैबतरावांबरोबर जुहूच्या विमानतळावर, मोटारींच्या शर्यतीत होता. धावपट्टीच्या कडेला गवताच्या पेंढ्या, रिकामी पिंपं, आणि हवेत इंजिनातल्या जळक्या एरंडेलाचा वास. लहानपणी आई नाक दाबून पाजायची तेच एरंडेल, आणि इथे चांगले सुटाबुटातले लोक तो वास छातीत भरून घेत होते! हिरामणनेही घेतला, आणि गडी पार वाया गेला. मग सात-आठ वर्षं दरसाल मद्रासजवळ, शोलावरमच्या शर्यतींना. गाडी ट्रकात घालून नेणं हैबतरावांना लाजिरवाणं वाटे. रोह्याहून चालवत जायचं, तिथे पुढची काच आणि दिवे उतरवायचे, शर्यत पळायची, पुन्हा दिवे लावायचे आणि घरी यायचं. पहिला नंबर कधी आला नाही. दुसराही नाही. एकदा तिसरा आला, आणि त्या एका तिसऱ्या नंबरावर दोघांनी उरलेलं आयुष्य काढलं असं म्हटलं तर कोणी रागावू नये.

पुढे शर्यती सुटल्या, रविवार सुटला नाही. दर रविवारी हिरामण एसटीने रोह्याला यायचा, इंजिन चालू करायचा, आणि दोघे बॉनेट उघडं टाकून चहा पीत त्याच त्या गोष्टी नव्याने सांगायचे. संध्याकाळी घरी गेला की बायको हौसा ठरलेलं विचारायची, “सवत बरी हाय ना माजी?” तोही ठरलेलं सांगायचा, “झ्याक हाय गो.” गेल्या काही रविवारी मात्र हैबतरावांच्या बोलण्यात एक वेगळीच गोष्ट यायला लागली होती. “हिरामण, माझं हल्ली कोणी खरं धरत नाही रे,” ते म्हणायचे. “समोर बसलेला असतो मी, आणि माझ्याबद्दल दुसऱ्यालाच विचारतात.”

दुपार कलली तशी ठिपक्यांची पट्टी रिकामी होत गेली. परदेशी माल मिळत नव्हता त्या वर्षांत हिरामणने गाडी जगवली होती ती हाताला लागेल त्याच्यावर. वॉल्व्ह पंपाच्या इंजिनातले, घासून बसवलेले. रेडिएटरची जाळी पेणच्या तांबटाने केलेली. हूड ताडपत्रीचं. दाराच्या आतला सांगाडा सागाचा. साहेब विचारत होते आणि हिरामण सगळं खरं सांगत होता, कारण इंजिनाबद्दल खोटं बोलायची त्याला सवयच नव्हती. प्रत्येक उत्तरागणिक एक ठिपका.

“काढलेल्या सामानाचं काय करता, साहेब?”

“भंगारात जातं. ठेवून काय करणार?”

हिरामणने मान हलवली. चाळीस वर्षांत गाडी एकदाही ढकलत न्यावी लागली नव्हती, ते सांगावं असं त्याच्या ओठावर आलं होतं. पण ते कागदावर लिहायची जागा नसावी.

शेवटी साहेब गाडीच्या पुढच्या अंगाला आले. त्यांनी उजव्या मडगार्डवरून तळवा फिरवला, मग डाव्यावरून, आणि हिरामणचा जीव टांगणीला लागला.

डावा मडगार्ड त्याचा होता. शोलावरमहून परत येताना, गडब मागे टाकून दोन मैल झाले नव्हते, तेवढ्यात पेंढ्याची बैलगाडी आडवी आली. माणसं वाचली, बैल वाचले, मडगार्ड रस्त्याच्या मोरीच्या दगडावर चुरगळला. नवा मिळायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा पेणला गणपती करणारा कान्हू मदतीला धावला. त्याने उजवा मडगार्ड समोर ठेवून नुसत्या नजरेने त्याचा डावा भाऊ मातीत घडवला. “देवाचा उजवा डोला आखला का डावा त्याच्यासारका आखतूच ना आपन,” तो म्हणाला, जसं काही त्यात विशेष नव्हतंच. त्यावरून साचा झाला. मग हिरामणने तेलाच्या पिंपाचा पत्रा फाडून सरळ केला आणि वाळूच्या पोत्यावर लाकडी हातोडीने ठोकायला घेतला. अख्खा पावसाळा पडवीत तेच चाललं होतं. हौसा तेव्हा नवी नवरी. “जरा धर गो” म्हटलं की पदर खोचून पत्र्याचं टोक धरून बसायची आणि म्हणायची, “लोकांचे नवरे बायकोच्या गालावरनं हात फिरवतान, माजा पत्र्यावरनं.” तीन मडगार्ड फुकट गेले. चौथा बसला. दुसऱ्या वर्षी तिसरा नंबर आला तो ह्याच मडगार्डनिशी.

साहेबांनी डोळे मिटून पुन्हा दोन्ही बाजू चाचपल्या. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग डोळे उघडून ते खुषीत म्हणाले, “चला, निदान हे तरी वाचलं! दोन्ही मडगार्ड मूळचे आहेत. ही गोलाई बघा, काका. ही हाताने येत नसते. ह्याला कारखान्याचा प्रेसच लागतो.” आणि त्यांनी कागदावर तसं लिहून टाकलं.

हिरामणच्या कानशिलांत रक्त चढलं. एवढी स्तुती त्याची आजवर कोणी केली नव्हती, आणि तीही त्याच्या नावावर नव्हती. नसू दे. नाव कोणाला हवं होतं? विलायती तर विलायती. जा बाबा, त्याने मनातल्या मनात मडगार्डला सांगितलं, त्या हॉलात जाऊन गप बस, कोणी विचारलं तरी बोलू नको. आपल्या हातचं एक राहिलं होतं. त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने सकाळपासून पहिल्यांदाच पाणी मागितलं.

तेवढ्यात विमल हैबतरावांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. दुपारची झोप काढून, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ते आले होते. गाडी बघायला कोणी जाणकार आलाय म्हटल्यावर तसे कसे येतील? साहेब अदबीने पुढे झाले. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून त्यांनी चांगलं तेवढंच सांगितलं.

“मडगार्ड फार सुंदर राखलेत तुम्ही. कारखान्यातून आले तसे, दोन्ही.”

“कुठला कारखाना?” हैबतराव ताडकन म्हणाले. “अहो, तो डावा ह्या हिरामणने ठोकलाय! तेलाच्या पिंपातनं! चार महिने ठोकत होता.”

हिरामणने मान हलवली, डोळे वटारले, हातातलं फडकं हलवलं. हैबतरावांनी ते सगळं पाहिलं आणि नेमकं उलटं समजले. “बघा, लाजतोय! कायमचा असाच. शोलावरमला फोटो काढायची वेळ आली की हा गाडीखाली.”

साहेबांचा चेहरा बदलला. त्यांनी हैबतरावांकडे पाहिलं नाही, विमलकडे पाहिलं. “नक्की का हो?”

विमलने आवाज खाली आणला, पण फार नाही. “बाबांचा हल्ली गोंधळ होतो. काल नर्सला आईच्या नावाने हाक मारत होते. दुसऱ्या कुठल्या गाडीचं असेल.” मग ती वळली. “हिरामणकाका, तुम्हीच सांगा काय ते.”

सगळे हिरामणकडे बघू लागले.

त्याला विमलच्या बोलण्याला फक्त ‘व्हय’ म्हणायचं होतं. तेवढंही नाही, नुसतं हसायचं होतं, म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यावर हसतात तसं. विमलने दार उघडून दिलं होतं. कागदावर लिहिलेलं तसंच राहिलं असतं आणि गाडी मडगार्डासकट त्या हॉलात गेली असती.

हैबतराव खुर्चीच्या हातावर जोर देऊन पुढे वाकले. चेहऱ्यावरचा अभिमान अजून पुरता उतरला नव्हता, पण डोळ्यांत दुसरंच काही यायला लागलं होतं.

“हिरामण, सांग ना रे,” ते म्हणाले. आणि मग, अगदी हळू, “का मीच विसरलो?”

हिरामणने फडक्याची घडी घातली. पुन्हा उलगडली. काय करावं माणसाने? ज्याने आयुष्यभर सांभाळलं त्याला पोरीसमोर, परक्यासमोर वेडा ठरवावं? त्याला साहेबांचा राग आला, विमलचा आला, सगळ्यांत जास्त मालकांचा आला. एक दिवस गप बसता आलं नाही ह्या माणसाला.

“नाय मालक,” तो म्हणाला. “तुमचं बरोबर हाय. मीच ठोकलाय.” विमलकडे वळून त्याने पुन्हा सांगितलं, “बाय, मालकांना समदं नीट आठवतंय.”

मग तो वाकला आणि त्याने साहेबांचा हात धरून मडगार्डच्या आतल्या बाजूला नेला. चिखलाच्या जुन्या थराखाली बोटांना हातोडीचे बारीक बारीक खळगे लागले, अगदी जवळ जवळ, हजारो. साहेब बराच वेळ तसेच वाकून राहिले. उभे राहिले तेव्हा त्यांनी आधी स्वतःच्या बोटांकडे बघितलं.

“तीस वर्षं हे काम करतोय मी, काका,” ते म्हणाले. “तुम्ही बोलला नसता तर…”

“ठाव हाय.”

“आता मला ठिपका लावावा लागेल. घेणाऱ्याला मी सही करून देतो.”

“लावा की.”

“काढल्यावर तुमच्याकडे पाठवायची व्यवस्था करू? हा भंगारात नको जायला.”

हिरामणने थोडा विचार केला. गडबच्या घराची भिंत त्याच्या डोळ्यांपुढे आली. “घरी आनून काय करू, साहेब? गाडीबिगर तो पिंपाचा पत्राच.”

साहेबांनी पट्टीवरचा ठिपका सोडवला आणि डाव्या मडगार्डवर लावला. तो जरा तिरका बसला.

हैबतराव खुषीत मागे टेकले होते. विमलने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि त्यांनी तो ठेवू दिला होता. “बघितलंस?” ते तिला म्हणाले. मग त्यांची नजर त्या ठिपक्यावर गेली. “हे लाल काय लावलंय रे, हिरामण?”

साहेब खाली कागदात बघू लागले.

“चांगल्या कामाला लावतान, मालक,” हिरामण म्हणाला.

“अस्सं!” हैबतरावांनी मान लांब करून गाडी इकडून तिकडे न्याहाळली. दारावर, हुडावर, रेडिएटरवर, आत डॅशबोर्डवर, त्यांची नजर एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जात राहिली आणि चेहरा फुलत गेला. “अरे, मग सगळी गाडीच भरलीय की!”

“व्हय,” हिरामण म्हणाला. फडकं घेऊन तो पलीकडच्या बाजूला गेला आणि उजव्या मडगार्डवरची धूळ पुसू लागला. त्याच्यावर ठिपका नव्हता.