भिंगऱ्यांची खिडकी

प्रार्थनामंदिरात वेदीच्या वरच्या तुळईला भिंगऱ्यांची तीन घरटी होती. पहिल्यात चार पिल्लं, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात तीन. अशी एकूण बारा. धाकटीने काठीला बांधलेला आरसा घरट्यांवर धरून शिडीवरून ती मोजली होती. पिल्लांना पिसं फुटली होती, पण ती उडायला अजून आठवडा तरी लागला असता.

धाकटी शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजवायची. तिचा दादा तिथलाच पाळक, म्हणजे धर्मगुरू. आईवडील एका वर्षात गेले तेव्हा ती सात वर्षांची होती. दादाने तिची वेणी घालण्यापासून ते कॉलेजचे फॉर्म भरण्यापर्यंत सगळं केलं. ‘दादा म्हणाला’ हे तिच्यासाठी तपासून पाहायचं विधान नव्हतं. बाकी जगातली सगळी विधानं होती.

यंदा दादाने स्तोत्रांच्या रेकॉर्डिंगचा घाट घातला होता. स्तोत्रंही निवडून घेतली, सगळी पाखरांची. देवाच्या पंखांची सावली, छपरावरची एकटी चिमणी, पारध्याचा तुटलेला फासा, कबुतराचे पंख मागणारा माणूस, आणि शेवटी वेदीपाशी घरटं करणारी भिंगरी. रेकॉर्डिंग ऐकायला वरिष्ठ धर्मगुरू येणार होते.

“वरची खिडकी बंद करावी लागेल,” शुक्रवारी दुपारी दादा म्हणाला. “रस्त्याचा आवाज येतो.”

“भिंगऱ्या त्याच खिडकीतून येतात, दादा. पिल्लांना दिवसभर भरवावं लागतं.”

“ठाऊक आहे गं बाई! मनोऱ्याची झडप उघडून ठेवतो. पाखरांना वाट सापडते. आपल्याला सापडत नाही एवढंच.”

ती हसली आणि आपल्याच हाताने खिडकीची कडी घातली.

ऑर्गनवर बसलं की सभागृहाकडे पाठ होते. भात्याची घरघर, गाणाऱ्यांचा आवाज, त्यातून आणखी काही ऐकू येत नाही. अंधार पडेपर्यंत त्यांनी दोन स्तोत्रं उरकली. शनिवारी सकाळी तिने आल्या आल्या विचारलं, “झडपेतून येतात का रे?”

दादा झग्यावरचा पट्टा नीट करत होता. “आत्ताच एक आली. चोचीत हा एवढा किडा! सरळ पहिल्या घरट्यावर. बस आता, लोक खोळंबलेत.”

ती बसली. तो तुळईखाली उभा राहून भिंगरीबद्दल बोलला. फार सुंदर बोलला. ज्याच्या घरात पाखरालाही जागा आहे त्याच्या घरात कोणी परकं नाही, असं काहीतरी. मागच्या बाकावरच्या म्हातारीने नाक पुसलं.

मधल्या सुट्टीत रेकॉर्डिंगवाल्याने तिला बोलावलं. जाडजूड, गप्पिष्ट माणूस, कानावरचा हेडफोन गळ्यात आला तरी तोंड चालूच. “ताई, काल तुमच्या त्या पाखरांनी जीव खाल्ला माझा. ऐका.” त्याने हेडफोन तिच्या कानाला लावला. स्तोत्राच्या दोन कडव्यांमधल्या शांततेत पिल्लांचा कलकलाट, एकमेकांवर कुरघोडी करणारा, उपाशी पोटाचा. “आता हे आजचं पहिलं.” इथे एखाददुसरी चिवचिव, लांबून आल्यासारखी. “आणि हे आत्ताचं. एकदम स्वच्छ! मी म्हटलं, देव पावला.”

तिने शेवटचा तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. पोट भरलेली पिल्लंही आई आली की ओरडतात. या तुकड्यात आई येत नव्हती आणि कोणी ओरडतही नव्हतं.

मनोऱ्याचा जिना अरुंद होता. ती वर पोचली तेव्हा झडप उघडी होती, पण तिच्या चौकटीवर नवीकोरी तारेची जाळी ठोकलेली होती. खिळ्यांच्या डोक्यांवर अजून चकाकी होती. जाळीच्या पलीकडे भिंगऱ्यांच्या घिरट्या चालल्या होत्या. एकीच्या चोचीत काहीतरी होतं. ती जाळीपर्यंत यायची, फडफडायची, वळायची.

दादा मागून धापा टाकत आला. “चिऊ, खाली चल. एकच राहिलंय.”

“ही जाळी कधी ठोकलीस?”

दादा घड्याळाकडे बघू लागला.

“कधी ठोकलीस, दादा?”

“गुरुवारी. गेल्या वेळी वरिष्ठांच्या झग्यावर घाण पडली, आठवतंय ना? समितीने मला नाही नाही ते ऐकवलं. मला इथून हलवणार होते.”

“तू म्हणालास, आत्ताच एक आली. चोचीत हा एवढा किडा म्हणालास.”

“म्हणालो.”

“किडासुद्धा रचलास?”

“तुला खरं सांगितलं असतं तर वाजवलं असतंस?”

“नाही.”

“मग!” त्याने हात पसरले, जणू हिशेब जुळला. “पाखरं आहेत गं ती. पुढच्या वर्षी पुन्हा येतील.”

परक्या माणसाने जाळी ठोकली असती तर ती भांडली असती. शाळेत ती भल्याभल्यांना पुरून उरायची. पण ज्या हाताने तिच्या तापलेल्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या त्याच हाताने हे खिळे ठोकले होते, आणि खिडकीची कडी तर त्याने तिच्याच हातून घालून घेतली होती. जाळी उपटायला तिने बोटं घातली. तार बोटात रुतली. जाळी हलली नाही.

“अगं, हात कापशील,” दादा काळजीने म्हणाला. काळजी खरी होती, आणि तेच तिला सहन झालं नाही.

ती खाली आली, खिडकीची कडी काढली, शिडी लावली. गाणारे हातात वह्या घेऊन बघत राहिले. दादाने दारातून दोनदा हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. पहिल्या घरट्यातली चारही पिल्लं थंड होती. तिसऱ्यातली तिन्ही. दुसऱ्यात चार थंड आणि त्यांच्याखाली एक कोमट, मान टाकलेलं, पण छाती हलणारं.

ते तिने रुमालात गुंडाळलं आणि शाळेच्या प्रयोगशाळेत नेलं. किती भरवायचं ते वजनावर ठरणार होतं. या वयाचं निरोगी पिल्लू वीस ग्रॅमचं असतं. तिने काटा शून्यावर आणला, बशीत कापूस ठेवला, पुन्हा शून्यावर आणला आणि पिल्लू अलगद ठेवलं. आकडा थोडा वर गेला, खाली आला, स्थिर झाला.

अकरा पूर्णांक चार दशांश ग्रॅम.